ईदच्या नमाजेत हात कधी बांधायचे, कधी सोडायचे?

दुसऱ्या रकातीत (नमाजेच्या दुसऱ्या फेरीत) इमामांची किरात, म्हणजे कुराणपठण, संपते, लाउडस्पीकरवरून "अल्लाहु अकबर" येतं आणि मागच्या सफांमधली (रांगांमधली) कितीतरी माणसं थेट रुकूत जातात, म्हणजे कमरेतून वाकतात. पुढचे लोक मात्र ताठ उभे, हात खाली सोडलेले. वाकलेला माणूस शेजाऱ्याकडे तिरका बघतो, ओशाळून उभा राहतो, तोवर दुसरी तकबीर, म्हणजे पुढचं "अल्लाहु अकबर", झालेली असते. नाशिकची शहाजहानी ईदगाह असो, पुण्याचं गोळीबार मैदान असो की गावाबाहेरची चुना लावलेली छोटी भिंत, हा प्रकार दर ईदला ठरलेला. नमाजेआधी मौलाना माइकवरून तरीका समजावून सांगतात, पण तेव्हा अर्धे लोक चपला कुठे ठेवाव्यात या विवंचनेत असतात.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. रोजच्या पाच नमाजांत नसलेल्या जादा तकबिरा या नमाजेत आहेत आणि ती वर्षात दोनदाच येते. हाताला सवय लागणार कशी? बहुतेक जण "वर-खाली, वर-खाली, वर-बांधा" असा क्रम पाठ करतात आणि दुसऱ्या रकातीत तो नेमका उलटतो. म्हणून क्रमाआधी त्यामागचा नियम समजून घ्या. हनफी या मजहबाच्या, म्हणजे धर्मनियमांच्या परंपरेच्या, पद्धतीत तो असा: उभ्याने थांबून काही पढायचं असेल तर हात बांधायचे, काही पढायचं नसेल तर सोडायचे.

रोजच्या नमाजेवर तो पडताळून पाहा. पहिल्या तकबिरीनंतर सना (सुरुवातीची स्तुती) आहे, हात बांधले. रात्रीच्या वित्र नमाजेत दुआ-ए-कुनूत आहे, हात बांधले. जनाजाच्या (अंत्यविधीच्या) नमाजेत तकबिरांच्या मध्ये सना, दरूद (पैगंबरांसाठीची प्रार्थना) आणि दुआ आहेत, तिथेही बांधलेले. रुकूतून उठल्यावर थांबून पढण्यासारखं काही नाही, लगेच सजद्यात (कपाळ जमिनीला टेकवायला) जायचं असतं, म्हणून हात सोडलेले. ईदच्या जादा तकबिरांच्या मध्येही हनफींकडे काही पढायचं नसतं. म्हणून हात सोडतात. इतकं डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

आधी आपला मजहब कोणता ते पाहा

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नाही. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्रातले बहुतेक मुसलमान हनफी आहेत. कोकणातले, म्हणजे रत्नागिरी, चिपळूण, खेड, दापोली, महाड, श्रीवर्धन, मुरुड या पट्ट्यातले कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या शाफई आहेत. अरबी समुद्रावरच्या व्यापारातून आलेली ही परंपरा खाली भटकळ आणि केरळपर्यंत सलग सापडते. हनफींमध्ये बरेलवी आणि देवबंदी यांच्यात इतर बाबतींत कितीही वाद असोत, ईदच्या नमाजेत हात कुठे आणि कधी यावर दोघांत फरक नाही. अहले हदीस मशिदींत जादा तकबिरा शाफईंप्रमाणे पहिल्या रकातीत ७ आणि दुसऱ्या रकातीत ५ असतात. शियांची रीत वेगळी आहे. जाफरी पद्धतीत किरातीनंतर पहिल्या रकातीत ५ आणि दुसऱ्या रकातीत ४ तकबिरा असतात आणि प्रत्येकीनंतर हात उचलून कुनूत पढतात. या लेखात मी हनफी आणि शाफई या दोनच पद्धतींबद्दल लिहिणार आहे.

दोन्ही पद्धतींना सहाबांचा (पैगंबरांच्या सहकाऱ्यांचा) आधार आहे. मदिनेत अबू हुरैरा यांच्या मागे ईदची नमाज पढल्याचं पुढच्या पिढीतले नाफेअ सांगतात आणि पहिल्या रकातीत किरातीआधी ७, दुसऱ्या रकातीत किरातीआधी ५ तकबिरा झाल्याचं नोंदवतात. अबू मूसा अशअरी यांच्याकडून जनाजाप्रमाणे चार-चार तकबिरांची रिवायत (कथन) येते. हनफींचा हिशेब याच चार-चारचा आहे: पहिल्या रकातीत नमाज सुरू करणारी एक आणि जादा तीन, दुसऱ्या रकातीत जादा तीन आणि रुकूची एक. त्यामुळे "तुमच्या तीनच कशा?" किंवा "तुमच्या सात कुठून आल्या?" असले वाद ईदगाहाच्या फाटकावर घालण्यात अर्थ नाही.

घरातून निघण्याआधी

हे थोडक्यात सांगतो, कारण घरोघरी माहीत असतं. गुस्ल (अंघोळ), मिस्वाक (दातवण), अत्तर, असतील त्यातले चांगले कपडे. रमजान ईदला निघण्याआधी काहीतरी गोड खावं, विषम संख्येत खजूर असतील तर उत्तम, आणि सदका-ए-फित्र (गरिबांसाठीचं ठरलेलं दान) नमाजेआधी देऊन टाकावा. बकरी ईदला नमाज होईपर्यंत न खाणं चांगलं. जाताना एक रस्ता, येताना दुसरा. वाटेत तकबीर पढत जावं. हनफींकडे ती रमजान ईदला हळू आवाजात आणि बकरी ईदला मोठ्याने.

वुजू (नमाजेआधीचं हातपाय-तोंड धुणं) घरूनच करून निघा, ईदगाहाच्या नळावर रांग असते. या नमाजेला अजान नाही, इकामत (नमाज उभी राहतानाची हाक) नाही, त्यामुळे "अजान झाली की निघू" म्हणणारे हमखास उशिरा पोचतात. वेळ सूर्य उगवून साधारण १५ ते २० मिनिटांनी सुरू होते आणि माध्यान्हापूर्वी संपते. जमात (सामूहिक नमाज) किती वाजता ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा. हनफी असाल तर ईदच्या नमाजेआधी कोणतीही नफल (ऐच्छिक नमाज) पढू नका, घरीही नाही आणि ईदगाहातही नाही. नंतर घरी येऊन पढता येते.

हात उचलणं, बांधणं, सोडणं

जमातीत या तीन क्रियांकडे कोणाचं लक्ष नसतं, म्हणून त्या घरी एकदा करून बघा.

हात उचलताना तळवे किब्ल्याकडे (काबेच्या दिशेला), बोटं सरळ. मुठी वळलेल्या नकोत आणि बोटं मुद्दाम फाकवलेलीही नकोत, नैसर्गिक असतील तशी. हनफी पुरुष अंगठे कानांच्या पाळीपर्यंत नेतात. शाफईंकडे तळवे खांद्यांच्या रेषेत येतात, मग अंगठे पाळीजवळ आणि बोटांची टोकं कानांच्या वरच्या कडेशी पोचतात. बाहेरून दोघांत फारसा फरक दिसत नाही. चूक होते ती दोन टोकांना. काही जण छातीपर्यंत हात नेऊन माशी हाकलल्यासारखे झटकतात, तर काही जण कान चिमटीत धरतात. मान खाली झुकवायची नाही, नजर सजद्याच्या जागेवर ठेवायची.

हात बांधताना उजवा हात डाव्यावर. हनफी पुरुष बेंबीखाली बांधतात. उजव्या हाताचा तळवा डाव्या हाताच्या पाठीवर, अंगठा आणि करंगळीने मनगटाभोवती कडं, उरलेली तीन बोटं हातावर सरळ. शाफई छातीच्या खाली आणि बेंबीच्या वर बांधतात, उजव्या हाताने डावं मनगट धरून.

हात सोडणं म्हणजे बाजूला सरळ खाली येऊ देणं, मांडीवर आपटणं नव्हे. ईदच्या गर्दीत सफा इतक्या दाट असतात की एका तकबिरीला दहा कोपर एकमेकांना लागतात. कोपर अंगाजवळ ठेवून हात वर नेले तर शेजाऱ्याची टोपी शाबूत राहते. खांद्यावर शाल किंवा रुमाल असेल तर आधीच नीट करून घ्या, आणि मोबाइल खिशात, आवाज बंद करून. हातात मोबाइल धरून तकबीर म्हणणारी माणसं दर ईदला दिसतात.

हनफी पद्धत: पहिली रकात

नियत (नमाजेचा संकल्प) मनात असली की पुरते. तोंडाने म्हणायची असेल तर साधी मराठीही चालते: "ईद-उल-फित्रची दोन रकात वाजिब नमाज, सहा जादा तकबिरांसह, या इमामांच्या मागे." बकरी ईदला ईद-उल-अजहा. लांबलचक अरबी नियत पाठ नाही म्हणून कोणी अडून बसू नये.

१. इमाम पहिली तकबीर म्हणतील, म्हणजे तकबीर-ए-तहरीमा. तुम्हीही "अल्लाहु अकबर" म्हणत हात कानांपर्यंत उचला आणि बांधा. नमाज सुरू झाली.

२. मनातल्या मनात सना पढा: सुब्हानकल्लाहुम्म व बिहम्दिक, शेवटपर्यंत. इमामांची पुढची तकबीर आली आणि सना अर्धवट असेल तर ती तिथेच सोडा आणि तकबीर घ्या. सना सुन्नत (केली तर उत्तम) आहे, जादा तकबिरा वाजिब (आवश्यक) आहेत.

३. पहिली जादा तकबीर. हात कानांपर्यंत, "अल्लाहु अकबर", हात सोडा. पढायचं काही नाही.

४. दुसरी जादा तकबीर. पुन्हा वर, पुन्हा सोडा.

५. तिसरी जादा तकबीर. वर न्या आणि या वेळी बांधा, कारण आता किरात सुरू होणार.

दोन तकबिरांमध्ये तीनदा सुब्हानल्लाह म्हणण्याइतकी उसंत असते. मोठ्या मैदानात मागच्या सफांपर्यंत आवाज पोचावा म्हणून काही इमाम थोडं जास्त थांबतात, ते योग्यच आहे. तकबीर तुम्ही स्वतः हळू आवाजात म्हणायची आहे. पुष्कळ जण फक्त हात वर-खाली करतात आणि ओठ मिटलेले असतात. वाजिब आहे ती तकबीर, हात उचलणं सुन्नत. हा क्रम उलटा समजला गेल्यामुळे लोक हात चुकला की घाबरतात आणि तकबीर राहिली तर त्यांना पत्ताही नसतो.

पुढे रोजच्यासारखंच. इमाम सूरह फातिहा (कुराणाचा पहिला अध्याय) आणि दुसरी सूरह मोठ्याने पढतील, तुम्ही गप्प राहून ऐका. रसूलुल्लाह या नमाजेत कधी सूरह अल-आला आणि गाशिया, तर कधी सूरह काफ आणि कमर पढत, म्हणून बरेच इमाम याच सूरह निवडतात. मग रुकू, दोन सजदे आणि उभं राहणं.

हनफी पद्धत: दुसरी रकात

इथे क्रम फिरतो. पहिल्या रकातीत तकबिरा आधी आणि किरात नंतर होती. दुसऱ्या रकातीत किरात आधी आहे. उठलात की हात बांधून उभे राहा, फातिहा आणि सूरह ऐका. किरात संपली की सावध व्हा.

तीन जादा तकबिरा आता येतील. पहिलीला हात वर, सोडा. दुसरीला वर, सोडा. तिसरीलाही वर, आणि सोडाच. बांधायचे नाहीत, कारण तिसरीनंतर पढायचं काही उरलेलं नाही, रुकू आहे.

चौथी तकबीर रुकूची. हिला हात उचलायचे नाहीत. सोडलेल्या हातांनी "अल्लाहु अकबर" म्हणत सरळ वाका. एरवी रुकूची तकबीर सुन्नत असते, पण ईदच्या दुसऱ्या रकातीत हनफी फिकहने (धर्मनियमांनी) तिला वाजिब मानलं आहे, म्हणून ती म्हणायला विसरू नका.

म्हणजे फसगत दोन जागी होते. किरातीनंतरच्या पहिल्याच तकबिरीला सवयीने रुकूत जाणं ही एक. आणि तिसरीला, पहिल्या रकातीच्या सवयीने, हात बांधून बसणं ही दुसरी. पाठ केलेला क्रम या दोन्ही वेळी दगा देतो. "आता पुढे काय पढायचं आहे?" असं स्वतःला विचारलंत की उत्तर मिळतं.

चुकून रुकूत गेलात तर परत उभे राहा, चालू तकबीर घ्या आणि इमामांबरोबर खऱ्या रुकूत जा. नमाज तुटत नाही. इमामाच्या मागे असताना मुक्तदीच्या (मागे पढणाऱ्याच्या) अशा चुकीसाठी सजदा-ए-सहव (चुकीच्या भरपाईचा जादा सजदा) नसतो. हात बांधायच्या ऐवजी सोडले किंवा सोडायच्या ऐवजी बांधले, तरीही नमाज झाली. त्यावर पुन्हा पढण्याची गरज नाही आणि शेजाऱ्याने सलामानंतर त्यावरून तोंडसुख घेण्याचीही नाही. इमामांकडूनच एखादा वाजिब राहिला तरी ईदच्या मोठ्या जमातीत गोंधळ होऊ नये म्हणून सजदा-ए-सहव न करण्याची मुभा नंतरच्या हनफी आलिमांनी दिली आहे. म्हणून "इमाम चुकले, सजदा का नाही केला?" असा आरडाओरडा करण्याआधी मौलानांना निवांत विचारा.

शाफई पद्धत

शाफईंकडे ही नमाज सुन्नत-ए-मुअक्कदा आहे. इथे सूत्र सोपं आहे: दोन्ही रकातींत तकबिरा किरातीच्या आधी, आणि प्रत्येक तकबिरीनंतर हात परत छातीखाली बांधायचे. सोडायचे नाहीत. तकबिरांच्या मध्ये जिक्र (अल्लाहचं स्मरण) आहे, त्यामुळे वरचा नियम इथेही लक्षात ठेवायला कामाचा आहे.

पहिल्या रकातीत तकबीर-ए-तहरीमा म्हणून हात बांधा आणि वज्जहतु (सुरुवातीची दुआ) पढा. मग सात तकबिरा. प्रत्येकीला हात खांद्यांच्या रेषेत उचला, परत बांधा. दोन तकबिरांच्या मध्ये, एका मध्यम आयतीइतक्या वेळात, हळू आवाजात हे पढा: सुब्हानल्लाहि वल्‌हम्दु लिल्लाहि व ला इलाह इल्लल्लाहु वल्लाहु अकबर. सातवीनंतर अऊजु बिल्लाह आणि मग फातिहा. शाफई मुक्तदीला फातिहा स्वतः पढायची असते, इमाम त्यासाठी उसंत देतात.

दुसऱ्या रकातीत उठतानाची तकबीर वेगळी आणि उभं राहिल्यावर पाच वेगळ्या. त्याही तशाच, हात उचलून आणि बांधून, मधल्या जिक्रसह. नंतर फातिहा. रुकूत जाताना आणि रुकूतून उठताना शाफई एरवीही हात उचलतात, तसे इथेही उचलायचे.

मोजताना बोटं मुडपू नका, हात बांधलेलेच असू द्या. मध्येच गणती चुकली तर इमामांच्या मागे राहा, तुमचा हिशेब त्यांनी ठेवला आहे. तकबीर राहिली आणि फातिहा सुरू झाली तर ती गेली, मागे जाऊन भरून काढायची नाही, सजदा-ए-सहवही नाही.

इमाम एका मजहबचे, तुम्ही दुसऱ्या

मुंब्रा, भिवंडी, कल्याण, मुंबईची उपनगरं, इथे कोकणी आणि हनफी कुटुंबं एकाच इमारतीत राहतात. साखरपा आणि बीड यांच्यात सोयरीक होते आणि पहिल्या ईदला जावई सासऱ्याच्या शेजारी उभा राहून गोंधळतो. उत्तर दोन्ही मजहबांत एकच आहे: तकबिरांच्या संख्येत इमामांच्या मागे जा. शाफई मुक्तदी हनफी इमामामागे असेल तर इमामांनी तीन म्हटल्या तर त्यानेही तीनच म्हणाव्यात, स्वतःच्या चार वर भरू नयेत. हनफी मुक्तदी शाफई इमामामागे सात आणि पाच म्हणेल, आणि दुसऱ्या रकातीत किरातीआधी आलेल्या तकबिरा तिथेच घेईल, नंतरसाठी राखून ठेवणार नाही.

मधल्या वेळात हात बांधायचे की सोडायचे हे मात्र आपापल्या पद्धतीने केलं तर कोणाचं बिघडत नाही. एका सफेत काहींचे हात छातीखाली आणि काहींचे बाजूला दिसले तर ते बेशिस्तीचं लक्षण समजू नका.

आखातात नोकरीला असलेल्यांना आणखी एक प्रकार दिसतो. हंबली पद्धतीत पहिल्या रकातीत तहरीमा सोडून सहा तकबिरा आणि दुसऱ्या रकातीत पाच असतात. मालिकी पद्धतीतही तितक्याच, पण मालिकी लोक हात फक्त पहिल्या, नमाज सुरू करणाऱ्या तकबिरीला उचलतात. शेजारचा सुदानी किंवा मोरोक्कन माणूस तकबीर म्हणत हात हलवत नाही म्हणून तो झोपेत आहे असं समजू नका.

उशिरा पोचलात तर

गाडी लावायला जागा नाही, धाकट्याची चप्पल तुटली, आणि नमाज सुरू झाली. हनफींसाठी पुढचे प्रसंग नीट समजून घेण्यासारखे आहेत, कारण इथे नुसतं शेजाऱ्याचं पाहून भागत नाही.

पहिल्या रकातीत इमाम किरात पढत आहेत आणि तीन तकबिरा होऊन गेल्या: तहरीमा म्हणून सामील व्हा आणि लगेच तिन्ही जादा तकबिरा, हात उचलून, स्वतः म्हणून घ्या. इमामांची किरात चालू असली तरीही. मग हात बांधून ऐका.

इमाम रुकूत आहेत: तहरीमा उभ्यानेच म्हणा. तिन्ही तकबिरा उभ्याने म्हणूनही रुकू सापडेल असा भरवसा असेल तर तसं करा. नसेल तर रुकूत जा आणि तिथे तस्बीहऐवजी (रुकूत एरवी म्हणतात त्या स्तुतीऐवजी) तकबिरा म्हणा, पण हात गुडघ्यांवरच ठेवा, उचलू नका. तेवढ्यात इमाम उठले तर राहिलेल्या तकबिरा माफ.

एक रकात पूर्ण गेली: इमामांनी दोन्ही सलाम फेरल्यावर उभे राहा. आता आधी सना, फातिहा आणि सूरह पढा, आणि तकबिरा किरातीनंतर, रुकूच्या आधी घ्या. हातांची पद्धत दुसऱ्या रकातीसारखीच: तिन्हींना वर आणि सोडा, चौथीला न उचलता रुकू. गेली ती पहिली रकात, मग तकबिरा आधी का नाहीत? कारण इमामांबरोबरच्या रकातीत तुम्ही किरातीनंतर तकबिरा घेतल्या आहेत. इथे आधी घेतल्या तर दोन्ही रकातींच्या तकबिरा एकापाठोपाठ येतील आणि मध्ये किरात राहणार नाही.

इमाम शेवटच्या अत्तहिय्यातमध्ये (सलामाआधीच्या बैठकीत) बसलेत: सामील व्हा, आणि सलामानंतर दोन्ही रकाती नेहमीच्या क्रमाने पूर्ण करा. पहिलीत तकबिरा आधी, दुसरीत नंतर.

शाफईंचं हे प्रकरण हलकं आहे. इमामांबरोबर जितक्या तकबिरा मिळाल्या तितक्या तुमच्या, गेलेल्या भरून काढायच्या नाहीत. दुसऱ्या रकातीत सामील झालात तर इमामांबरोबर पाच, आणि नंतर एकट्याने पढायच्या रकातीतही पाचच.

नमाज पूर्णच चुकली तर? हनफी माणूस ती एकट्याने पढू शकत नाही, तिची कजाही (नंतर भरपाई म्हणून पढणं) नाही. दुसऱ्या ईदगाहात किंवा मशिदीत उशिराची जमात असेल तर तिथे गाठावी. शहरांत गर्दीमुळे अनेक मशिदींत एकाहून जास्त जमाती होतात. तेही नाही जमलं तर घरी चाश्तच्या (सकाळच्या) नफल पढाव्यात, जादा तकबिरांशिवाय. शाफई मात्र घरी एकट्यानेही सात-पाचची ईदची नमाज पढू शकतो, खुतब्याशिवाय (इमामांच्या प्रवचनाशिवाय). २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, २५ मेच्या रमजान ईदला, हा फरक घराघरात कळला. कितीतरी बापांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा घरच्या चारजणांसमोर उभं राहून तकबिरा मोजल्या.

बाया, म्हातारी माणसं आणि मुलं

हनफींकडे ईदची नमाज स्त्रियांवर वाजिब नाही. जिथे स्त्रियांसाठी वेगळी सोय आहे तिथे जमातीत पढताना क्रम तोच, फक्त हनफी स्त्रिया हात खांद्यांपर्यंत उचलतात आणि छातीवर बांधतात. पदर किंवा ओढणी अशी घ्यावी की हात वर नेताना मनगटापलीकडचा भाग उघडा पडणार नाही. शाफई स्त्रियांसाठी ही नमाज सुन्नत आहे आणि त्या घरी पढू शकतात.

खुर्चीवर बसून पढणाऱ्यांनी तकबिरा बसल्या जागी तशाच घ्याव्यात. खांदा धरला असेल तर हात जातील तिथपर्यंत, एकच हात उचलता येत असेल तर एकच. खुर्ची सफेच्या कडेला लावली तर मागच्यांचा सजदा अडत नाही.

मुलांना ईदगाहात शिकवायला जाऊ नका, तिथे त्यांचं लक्ष फुग्यांकडे असतं. आदल्या संध्याकाळी, चांद दिसल्यावरच्या धामधुमीत, दोन मिनिटं दिवाणखान्यात उभं करून तुम्ही इमाम व्हा. दुसऱ्या रकातीचा सराव दोनदा घ्या, पहिलीचा एकदा पुरे. लहान मुलांनी तिसऱ्या तकबिरीला हात बांधले तर हसू नका, मोठेही तेच करतात.

सलामानंतर

सलाम फेरला की लोक उठून गळाभेटी घ्यायला लागतात. थांबा. खुतबा बाकी आहे. जुम्म्याला खुतबा आधी असतो, ईदला नमाजेनंतर. दोन खुतबे असतात. पहिल्याच्या सुरुवातीला इमाम नऊ आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला सात तकबिरा म्हणतात. या तकबिरांना मुक्तदींनी हात उचलायचे नाहीत, बसून ऐकायचं. मागे कोणीतरी सतरंजी गुंडाळत असतं, कोणी मोटारसायकल सुरू करतं, आणि इमाम फित्र्याचे किंवा कुर्बानीचे मसले सांगत असतात. तेच मसले मग दिवसभर फोनवर विचारले जातात.

दुआ काही ठिकाणी नमाजेनंतर लगेच होते, काही ठिकाणी खुतब्यानंतर. दुआसाठी हात छातीसमोर, तळवे वर. खुतब्याच्या ओघात इमाम दुआ करत असतील तर हनफी मुक्तदीने हात न उचलता मनात आमीन म्हणावं.

बकरी ईदला आणखी एक तकबीर सोबत असते, तकबीर-ए-तशरीक: अल्लाहु अकबर, अल्लाहु अकबर, ला इलाह इल्लल्लाहु वल्लाहु अकबर, अल्लाहु अकबर, व लिल्लाहिल हम्द. ९ जिलहिज्जच्या (बकरी ईदच्या महिन्याच्या) फज्रपासून, म्हणजे पहाटेच्या नमाजेपासून, १३ जिलहिज्जच्या असरपर्यंत (दुपारनंतरच्या नमाजेपर्यंत), म्हणजे २३ फर्ज (अनिवार्य) नमाजांनंतर, सलाम फेरताच एकदा. पुरुषांनी मोठ्याने, स्त्रियांनी हळू. हिलाही हात उचलायचे नाहीत, मांडीवरच असू द्या. मशिदीत पहिल्या दिवशी इमामांना आठवण करून द्यावी लागते, तेव्हा इमाम विसरले तर तुम्हीच सुरू करा, बाकीचे मागून म्हणतात.